मिनी हंबकरची गिटार: लाकूड कोरण्याआधी स्क्रू फिरवा

"आवाज पातळ येतो, याच्यात मोठे हंबकर टाकून दे." मिनी हंबकरची गिटार घेऊन येणारे मित्र बहुतेक वेळा हेच सांगत येतात. पिकअप म्हणजे तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग, हंबकर म्हणजे विजेची गुणगुण मारणारा दोन वेटोळ्यांचा पिकअप, आणि मिनी हा त्याचाच अरुंद प्रकार. मी आधी स्टीलची पट्टी काढतो. जाड ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबायची आणि तारेची खालची कड ते पिकअप हे अंतर मोजायचं. मागच्या खेपेला ब्रिजकडे, म्हणजे तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या बाजूला, ते साडेचार मिलिमीटर भरलं. एवढ्या लांबून कुठलाही पिकअप पातळच बोलणार. टोकाचे दोन स्क्रू फिरवून तो वर घेतला, मग दोन पोल स्क्रू (पिकअपवर प्रत्येक तारेखाली असतात ते) पाव-पाव फेरा हलवले. मित्राने अँप लावून एकच कॉर्ड वाजवला आणि पिकअप बदलायचा विषय तिथेच संपला.

माझ्या स्वतःच्या गिटारचं लाकूडही असंच कापलं जाणार होतं. एका दुरुस्तीवाल्याने "हे छोटे पिकअप काही कामाचे नाहीत, खाच मोठी करून घ्या" असं सांगितलं, आणि मी जवळजवळ हो म्हणालो होतो. आज त्या गिटारचा नेक पिकअप, म्हणजे मानेकडचा, माझ्याकडचा सगळ्यात आवडता आवाज आहे. म्हणून हा लेख: मिनी हंबकर ओळखायचा कसा, त्याची नीट जुळणी कशी करायची, तपासायचा कसा, आणि शेवटी बदलायचाच असेल तर काय सांभाळायचं.

हा पिकअप आला कुठून

गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये दोन वेटोळ्यांचा हंबकर तयार केला. त्याचं पेटंट 1959 मध्ये मिळालं. दरम्यान 1957 मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने एपिफोन विकत घेतली आणि एपिफोनच्या गिटारही मिशिगनमधल्या कॅलमझू इथल्या कारखान्यात बनू लागल्या. 1960 च्या दशकात शेरटन, रिव्हिएरा, क्रेस्टवुड अशा एपिफोन मॉडेलांवर जो अरुंद हंबकर दिसतो, तोच हा मिनी. 1961 च्या गिब्सन जॉनी स्मिथ या जॅझ गिटारवरही मिनी आकाराचा पिकअप होता, वरच्या लाकडाला छेद न देता तरंगता बसवलेला.

मिनीला खरी ओळख मिळाली ती गिब्सनच्या 1969 च्या लेस पॉल डिलक्स या गिटारमुळे. गिब्सनने 1968 मध्ये लेस पॉल पुन्हा बाजारात आणली तेव्हा गोल्डटॉप या सोनेरी मॉडेलवर एकाच वेटोळ्याचे पी-90 पिकअप होते, म्हणजे बॉडीत खाचही पी-90 च्या मापाची होती. गिऱ्हाइकांना हंबकर हवा होता. मिनी त्या खाचेत मावत होता. पी-90 च्या प्लास्टिक कव्हरला मधे चौकोनी भोक पाडून त्यात मिनी बसवला आणि डिलक्स तयार झाली. आजही तिच्या पिकअपभोवती जी क्रीम किंवा काळी रुंद चौकट दिसते, ती मूळची पी-90 ची. थिन लिझी बँडचे स्कॉट गोरहॅम डिलक्स वाजवायचे. द हू बँडचे पीट टाउनशेंड यांनी 1970 च्या दशकात मंचावर ज्या आकडे लिहिलेल्या लेस पॉल वापरल्या, त्याही डिलक्सच होत्या.

पुढे मोठ्या हंबकरची हवा आली आणि असंख्य डिलक्सच्या खाचा कोरून रुंद केल्या गेल्या. त्या गिटारी आता मूळ स्थितीत येऊ शकत नाहीत, आणि जुन्या बाजारात न कापलेल्या डिलक्सपुढे त्यांना किंमतही कमी मिळते. हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं.

आधी ओळख पटवा

मिनी आकाराच्या धातूच्या कव्हराखाली दोन वेगळ्या जातींचे पिकअप असू शकतात, आणि पुढची सगळी जुळणी त्यावर ठरते.

कव्हरच्या एका कडेला सहा स्क्रूंची रांग दिसत असेल तर तो एपिफोन-डिलक्स पद्धतीचा मिनी हंबकर. आत दोन अरुंद वेटोळी असतात. एकातून हे सहा स्क्रू जातात, दुसऱ्याच्या मधे लोखंडाची सलग पट्टी असते आणि ती कव्हराखाली झाकलेली असते. दोन्हींच्या खाली एक चपटा अल्निको (मिश्रधातूचा) चुंबक.

कव्हर अगदी कोरं असेल, एकही स्क्रू नसेल, तर तो बहुधा फायरबर्ड पद्धतीचा. गिब्सनची फायरबर्ड 1963 मध्ये आली. तिचा आकार मोटारींचे डिझायनर रे डीट्रिच यांनी काढला होता. तिच्या पिकअपमध्ये प्रत्येक वेटोळ्याच्या आतच पट्टीसारखा चुंबक असतो. आवाज आणखी धारदार आणि झटकन उठणारा. गिटारवादक जॉनी विंटर यांची फायरबर्ड ऐकलीत की फरक लगेच कळतो. या जातीत पोल स्क्रू नसल्यामुळे जुळणी फक्त पूर्ण पिकअप वर-खाली करून होते.

मापानेही खात्री करा. मिनीचं कव्हर सुमारे 67 गुणिले 29 मिलिमीटर असतं. मोठा हंबकर सुमारे 70 गुणिले 38. म्हणजे लांबी जवळपास सारखीच, फरक आहे तो रुंदीत, आणि आवाजाचा सगळा खेळ त्या रुंदीतच आहे. पिकअप तारेच्या जेवढ्या लांबीवर पसरलेला असतो, तेवढ्या लांबीवरचं कंपन तो एकत्र ऐकतो. रुंद पिकअपखाली बारीक हार्मोनिकांचे (मूळ सुरासोबत उठणाऱ्या वरच्या सुरांचे) चढ-उतार एकमेकांना खोडतात, अरुंद पिकअपखाली ते जास्त शिल्लक राहतात. शिवाय मिनीत तार कमी गुंडाळलेली असते, त्यामुळे वरच्या पट्टीतला उजळपणा टिकतो. गुणगुण मात्र मोठ्या हंबकरइतकीच मरते, कारण दोन उलट वेटोळी तशीच काम करतात. मिनी म्हणजे बारीक केलेला मोठा हंबकर असं समजून त्याच्याकडून तसाच जाड आवाज मागितला की निराशा होते. जड गेन लावलेल्या (अँपवर करकरीत केलेल्या) कॉर्डमध्ये सहाही तारा सुट्या ऐकू याव्यात, यासाठी हा पिकअप आहे.

मल्टिमीटरने तब्येत बघा

यासाठी गिटार उघडावी लागत नाही. केबल जॅकमध्ये घाला, दुसरं टोक मोकळं ठेवा. व्हॉल्यूम आणि टोन पूर्ण उघडे, स्विच एका पिकअपवर. मल्टिमीटर 20 किलोओहमच्या रेंजवर लावा आणि प्लगचं टोक व बाहेरचा भाग यांत मोजा.

साधारण 6 ते 7 किलोओहम आलं तर मिनी ठणठणीत आहे. त्याच्या निम्मं आलं तर एक वेटोळं शॉर्ट झालंय किंवा जोडणीत वगळलं गेलंय, आणि अशा पिकअपवर गुणगुणही जाणवते. रेंजबाहेर दाखवलं तर मोठ्या रेंजवर मोजा. पाचशेच्या आसपास किलोओहम दिसलं तर तुम्ही फक्त व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा बदलता रोध) मोजताय आणि पिकअपची तार कुठेतरी तुटली आहे. बहुतेक वेळा तुटलेली जागा सोल्डरच्या टाक्यात सापडते, वेटोळ्यात क्वचित.

याच बैठकीत फेजही, म्हणजे दोन्ही पिकअपच्या सिग्नलची दिशा जुळते का तेही, तपासा. मीटर ओहमवर तसाच ठेवून स्क्रू ड्रायव्हरचं टोक पोल स्क्रूवर अलगद टेकवा आणि झटकन उचला. आकडा क्षणभर वर उडतो किंवा खाली. दोन्ही पिकअपवर तो एकाच दिशेला उडायला हवा. उलटसुलट उडत असेल तर मधल्या स्विचवर दोन्ही पिकअप मिळून डबड्यासारखा नाकातला आवाज येतो. "मधली पोझिशन बिघडली" असं लोक म्हणतात ते बहुतेक वेळा हेच.

अँपला जोडल्यावर घूं असा आवाज येत असेल तर तारांना हात लावून बघा. हात लावताच तो कमी झाला तर दोष अर्थिंगचा किंवा शील्डिंगचा आहे, पिकअपचा नाही. हंबकर आपल्याकडच्या 50 हर्ट्झ विजेच्या चुंबकी गुणगुणीला खोडतो, पण ब्रिजला जाणारी अर्थची तार सुटली असेल किंवा घरच्या सॉकेटच्या तिसऱ्या पिनला अर्थच नसेल, तर त्यावर त्याचा इलाज चालत नाही. जुन्या वाड्यांत आणि चाळींत हे इतकं आढळतं की पहिल्यांदा सॉकेट तपासून घेणं शहाणपणाचं. ते काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

उंचीची जुळणी: इथे घाई करू नका

नव्या तारा चढवल्याशिवाय सुरुवात करू नका. किनारपट्टीच्या दमट हवेत तारा फार लवकर गंजतात, आणि मेलेल्या तारांवर मिनीचा सगळा गुण झाकला जातो. तारा ताणून सुरात आणा. मानेचा बाक, ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) आणि इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं) आधी जुळवून घ्या, कारण तारांची उंची बदलली की पिकअपची सगळी मापं बदलतात.

आता सध्याची मापं वहीत लिहा. दोन्ही पिकअप, जाड ई आणि बारीक ई, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून. बिघडलं तर परत यायला वाट राहते.

सुरुवातीला ब्रिज पिकअप बारीक ईच्या बाजूला 1.6 मिलिमीटरवर आणा आणि जाड ईच्या बाजूला त्याहून किंचित खाली ठेवा. नेक पिकअप 2.4 मिलिमीटरवर ठेवा. मानेजवळ तारेचा हेलकावा मोठा असतो, म्हणून नेक पिकअप खाली ठेवूनही तो ब्रिजइतकाच ऐकू येतो. आधी ब्रिज मनासारखा करायचा आणि मग नेक खाली नेत त्याच्याशी मिळवायचा. उलट क्रमाने गेलात तर ब्रिज पिकअप तारांना टेकेपर्यंत वर चढवत बसाल.

अँपचा आवाज स्वच्छ ठेवा, रिव्हर्ब बंद, टोन पूर्ण उघडा. एकेक तार सारख्या जोराने छेडा. नखीऐवजी अंगठ्याने छेडलीत तर जोर जास्त सारखा राहतो. जाड तारा गढूळ वाटल्या तर जाड बाजूचा टोकाचा स्क्रू अर्धा फेरा सोडा, बारीक तारा मागे पडल्या तर त्यांची बाजू वर घ्या. प्रत्येक बदलानंतर एकच ओळखीचा तुकडा वाजवा. मी नेहमी उघडा ई मायनर आणि मग बाराव्या फ्रेटवरचे दुपदरी स्वर वाजवतो. पिकअप फारच वर गेला तर चुंबकाची ओढ जाणवायला लागते: वरच्या फ्रेटवर जाड तारांचा स्वर थरथरतो, एकाच वेळी दोन सूर वाजल्यासारखं होतं. असं झालं की अर्धा मिलिमीटर खाली या.

आता पोल स्क्रू. मिनीचा स्वभाव खऱ्या अर्थाने इथे उघडतो.

तारांच्या नव्या सेटमध्ये G (जी) ही तार साधी, न गुंडाळलेली असेल तर ती बाकीच्यांच्या पुढे उडी मारते आणि बी मागे राहते. म्हणून जीचा स्क्रू पाव फेरा आत आणि बीचा पाव फेरा बाहेर, एवढंच करून आधी ऐका. स्क्रूची खाच पूर्ण भरेल असाच ड्रायव्हर वापरा. लहान टोकाने डोक्याची खाच बोथट होते आणि मग तो स्क्रू निघतच नाही. स्क्रू जड फिरत असेल तर जबरदस्ती नको, पावसाळ्यात त्यांच्या आट्यांना गंज धरतो. यंत्राच्या तेलाचा एकच थेंब काडीच्या टोकाने लावा आणि रात्रभर सोडा. तेल कव्हराखाली ओघळू देऊ नका.

एक युक्ती मोठ्या हंबकरवरही चालते, पण मिनीवर ती सोन्यासारखी आहे. पूर्ण पिकअप तारांपासून अर्धा ते एक मिलिमीटर खाली घ्या आणि मग सहाही स्क्रू एक-एक फेरा वर काढा. आता तारांना स्क्रूंचं वेटोळं जवळून ऐकतं आणि पट्टीचं वेटोळं लांबून. आवाज मोकळा होतो, कॉर्डमधल्या तारा एकमेकींपासून सुटतात, नेक पिकअपचा गढूळपणा जातो. आणि गुणगुण तितकीच मेलेली राहते, कारण ती दोन वेटोळ्यांच्या गुंडाळणीवर अवलंबून असते, तारांच्या अंतरावर नाही. माझ्या गिटारच्या नेक पिकअपला मी ज्या आवाजासाठी लाकूड कोरायला निघालो होतो, तो या एका बदलात सापडला. स्क्रू कव्हराच्या वर दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त काढू नका, तारा दाबताना ते आड येतात.

तरी तीक्ष्ण वाटत असेल तर

अजून ब्रिज पिकअप कानाला टोचत असेल तर पॉटकडे बघा. हंबकरच्या गिटारीत साधारणपणे 500 किलोओहमचे पॉट असतात. मिनी मुळातच उजळ, त्यामुळे ब्रिजच्या व्हॉल्यूमला 250 किंवा 300 किलोओहमचा पॉट टाकला की वरची धार अदबीने खाली येते. गिब्सनच्या 1970 च्या दशकातल्या अनेक गिटारींत 300 किलोओहमचे पॉट होतेच. हा किरकोळ खर्चाचा बदल पिकअप बदलण्याच्या खर्चापुढे काहीच नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ सुटे पॉट सहज मिळतात. फक्त दांडा जुन्या पॉटइतकाच लांब आहे ना आणि नॉब त्यावर बसतो ना, ते जुना पॉट सोबत नेऊन बघा. टोनसाठी 0.022 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरेसा आहे.

जास्त आवाजात पिकअप कर्कश चिरकत असेल तर कव्हरवर नखाने टकटक करा. ती टकटक अँपमधून मोठ्याने आली तर कव्हर किंवा वेटोळं आतून सैल आहे. इलाज मेणाचा आहे. पॅराफिनमध्ये थोडं मधमाश्यांचं मेण मिसळून, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेल्या दुसऱ्या भांड्यात 65 अंशांपर्यंत वितळवतात आणि पिकअप त्यात बुडवतात. त्याहून जास्त तापलं तर आतले प्लास्टिकचे बॉबिन वाकतात, आणि मेण थेट आचेवर कधीच ठेवायचं नाही. थर्मामीटर नसेल तर हे काम जाणत्याकडून करून घ्या.

पी-90 काढून मिनी बसवायचा असेल तर

सोपबार (कान नसलेल्या) पी-90 च्या खाचेत मिनी बसतो, लाकडाला हात लावावा लागत नाही. डिलक्सचीच ही कल्पना. पी-90 च्या मापाची, मधे मिनीचं भोक असलेली रिंग वेगळी मिळते. उलट, मोठ्या हंबकरच्या जागी मिनी टाकायचा तर रुंदी भरून काढणारी वेगळी रिंग लागते. ऑर्डर देण्यापूर्वी खाचेची लांबी, रुंदी आणि खोली तीनही मोजा. कान असलेल्या, बॉडीला वरून स्क्रूने लावलेल्या पी-90 ची खाच वेगळी असते, तिथे हे थेट चालत नाही.

काम असं करा. तारा काढा, बॉडीवर जुनी चादर टाका. मागचं झाकण उघडून आतल्या जोडणीचा मोबाईलवर स्पष्ट फोटो घ्या. जुना पिकअप उचलून त्याची तार ओळखा. मिनीची तार बहुतेक वेळा एकाच गाभ्याची आणि बाहेरून धातूच्या जाळीची असते: आतली तार व्हॉल्यूमच्या पायाला, जाळी पॉटच्या पाठीला. अशा तारेत फेज बाहेरून उलटवता येत नाही, कारण जाळी कव्हराला जोडलेली असते आणि उलटवली तर कव्हरच सिग्नलवर येतं. म्हणून दोन्ही पिकअप एकाच बनावटीचे घेणं चांगलं. चार तारांचा पिकअप असेल तर कंपनीचा रंगांचा तक्ताच पाळा. रंग प्रत्येकाचे वेगळे असतात.

पॉटच्या पाठीवर सोल्डर करताना 40 वॅटचं आयर्न घ्या. 25 वॅटचं आयर्न पाठ तापवायला इतका वेळ घेतं की पॉटच आतून भाजून निघतो आणि टाका वरवर चिकटल्यासारखा, राखाडी, खरखरीत होतो. चांगला टाका गुळगुळीत, चमकदार आणि कडेला पसरलेला दिसतो. तारा चढवण्याआधीच केबल जोडून पोल स्क्रूंवर ड्रायव्हर टेकवून बघा, दोन्ही पिकअपमधून टक् आवाज यायला हवा. मगच झाकण लावा.

सगळी मापं, स्क्रूंचे फेरे आणि पॉट किती किलोओहमचा ते एका चिठ्ठीवर लिहून मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, मानेचा बाक बदलतो आणि तारा पिकअपपासून हलतात. जूनच्या शेवटी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा पट्टी घेऊन तीच चार मापं पुन्हा मोजा. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या वर गेला असेल तर आधी मान बघा, मग टोकाचे स्क्रू.